शेवटच्या जुजातली गाठ

चर्चच्या मंडळीपुढे देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभं राहिल्याने बाइंडरला तीन गोष्टी मिळणार होत्या, आणि त्यातल्या दोन त्याने आदल्या आठवड्यातच बोटांवर मोजून ठेवल्या होत्या. उजव्या हाताची बोटं अजून मोजण्याच्या कामाची नव्हती, म्हणून डाव्या हाताच्या.

पहिली, पंचाची खुर्ची. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पाच पंचांपैकी एकजण मुलीकडे राहायला निघून गेला होता. आणि देवाने ज्याला मरणाच्या दारातून हाताला धरून परत आणलं, त्याच्यापेक्षा त्या खुर्चीला लायक कोण असणार? दुसरी, दुकानाची पत. बाइंडरचा हात गेला, आता दुकानही बसणार, अशी कुजबुज सुरू झाली होती. ती भर उपासनेत एका दमात मोडून निघाली असती. तिसरी गोष्ट त्याने बोटावर घेतली नाही, पण मोजली मात्र नक्की. देवाचे आभार एकदा चारचौघांत मानून टाकले की आणखी कुणाचे मानायचे उरत नाहीत.

देवाचे आभार मानण्यात ही एक मोठी सोय असते. देव समोर उभा राहून डोळ्यांत बघत नाही, आणि सात वर्षांपूर्वी तू मला काय बोलला होतास, हेही उकरून काढत नाही.

सात वर्षांपूर्वी जे झालं ते दुकानातच झालं. दुकान वडिलांचं. खाली दर्शनी भाग, मागे कामाची खोली, वर राहायची जागा. दोघे भाऊ, थोरला बाइंडर आणि त्याचा धाकटा, त्या मागच्या खोलीतच शिकले: छापील कागदाच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे जुज करायचे, ते एकावर एक रचून पाठीकडून सुई-दोऱ्याने शिवायचे, मग खळ, कापड, पुठ्ठा आणि वरून दाबयंत्र. थोरल्याची शिवण खालून वर जाई आणि दोरा संपताना शेवटच्या जुजाच्या मधल्या घडीत, वरच्या अंगाला गाठ बसे. धाकटा डावखुरा. त्याचं सगळंच उलटं, गाठ खालच्या अंगाला. वडिलांनी आधी त्याला मारून बघितलं, मग समजावून बघितलं, आणि शेवटी म्हणाले, "पुस्तक सुटत नाही ना? मग गाठ कुठेही असो." थोरल्याला हे कधी पटलं नाही.

वडील गेल्यावर वर्षभरात, पुस्तक न्यायला आलेल्या एका वकिलाच्या देखत, थोरल्याने धाकट्याने शिवलेला जाडजूड ग्रंथ उघडला, खालची गाठ बघितली, कात्रीने दोरा कापला आणि सगळे जुज टेबलावर पसरून टाकले. "डाव्या हाताचं काम माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही," तो म्हणाला. वकील उगाच खोकले. धाकट्याने हाताची खळ धुतली, हात पुसले, टॉवेलची नीट घडी करून तो खिळ्याला अडकवला आणि निघून गेला. तेव्हापासून तो चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल बाइंडिंग करतो. थोरला त्याला 'प्लास्टिकवाला' म्हणायचा, अर्थातच पाठीमागे. समोरासमोर यायची वेळ फक्त रविवारी येई, आणि मंडळीत बाकं भरपूर होती.

मग बाइंडरला अर्धांगाचा झटका आला. जेवता जेवता चमचा खाली पडला आणि तो उचलायला हात गेलाच नाही.

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तो वरच्या खोलीत पडून छताकडे बघत असे. चौथ्या दिवशी सकाळी सहाला खालून आवाज आला: ठक, ठक, ठक. लाकडी हातोडीने पुस्तकाची पाठ गोल करण्याचा आवाज. त्याने बायकोकडे बघितलं.

"एक ओळखीचा माणूस ठेवलाय," ती उशीचा अभ्रा बदलत म्हणाली. "सकाळी येतो, नऊला जातो. मागच्या दाराने."

"बरं," बाइंडर म्हणाला.

कोण, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि उत्तर मिळालं असतं तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं. तिसऱ्या आठवड्यात बायकोने मंडळीच्या चाळीस गीतपुस्तकांपैकी एक त्याला दाखवायला वर आणलं. डाव्या हाताने त्याने ते छातीवर उघडलं, शेवटचा जुज काढला, मधली घडी बघितली. गाठ खालच्या अंगाला होती. लहान, घट्ट, कडेचा दोरा नेमका हवा तेवढाच सोडलेला.

"कसंय?" बायकोने विचारलं.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि पुस्तक मिटलं.

सात महिने तो आवाज येत राहिला. ज्या सकाळी आवाज जरा उशिरा येई, त्या सकाळी बाइंडर घड्याळाकडे बघत राही. पण जिन्यावरून खाली यायला शिकल्यावरही तो नऊ वाजून गेल्याशिवाय कधी उतरला नाही.

साक्षीच्या रविवारी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला. बोलायचं पाठ होतं. "सात महिने माझा उजवा हात मेल्यासारखा पडून होता," तो म्हणाला. चर्चमध्ये पंखे फिरत होते. "डॉक्टरांनी आशा सोडली होती. पण दुकानाला एक दिवस कुलूप लागलं नाही. शाळेच्या लायब्ररीचं काम आलं, ते चालू आहे. तुमच्या हातात आहेत ती गीतपुस्तकं वेळेवर आली. आणि यात कुणा माणसाचा हात लागला नाही. सगळं देवाने केलं! आणि आज हा हातही त्याने मला परत दिला." असं म्हणून त्याने उजवा हात खांद्यापर्यंत उचलला. आरशासमोर आठवडाभर सराव केला होता. खांद्याच्या वर तो जात नव्हता आणि त्यातली तीनच बोटं उघडत होती, पण मागच्या बाकांवरून ते दिसण्यासारखं नव्हतं.

मंडळी म्हणाली, "आमेन."

पण एक आमेन सगळ्यांच्या आधी आला. शेवटच्या बाकावरून, मोठ्याने, मोकळ्या गळ्याने. बाइंडरने वर बघितलं. धाकटा उभा होता, हातात गीतपुस्तक. त्याच्या आवाजात टोमणा असता तर बाइंडरला बरं वाटलं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. पण तो माणूस खरोखर खूश दिसत होता.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर लोकांनी हात मिळवले. बाइंडरने सगळ्यांना डावा दिला. आत्या काठी टेकत त्याच्यापाशी आली. वडिलांची बहीण, वय ऐंशीच्या पुढे, लहानपणी त्याच मागच्या खोलीत तिने शेकड्याने जुजांच्या घड्या घातल्या होत्या. तिच्या हातात गीतपुस्तक होतं, शेवटच्या जुजाशी उघडलेलं.

"छान बोललास रे, थोरल्या," ती म्हणाली. तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल असं बोलते. "पण एक गोष्ट मला ऐंशी वर्षांत कुणी सांगितली नव्हती."

"काय, आत्या?"

"देव डावखुरा आहे, ते." तिने पुस्तक पटकन मिटलं आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर थोपटलं. "चल, मला रिक्षात बसव."

सोमवारी सकाळी सहाला आवाज आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी बाइंडर बायकोला म्हणाला, "आज खाली शांत आहे."

"शांतच राहणार."

"तो येणार नाही का?"

"कोण तो?" बायको भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. "तुमच्या दुकानात कुणा माणसाचा हातच लागत नाही म्हणे. मी आपली बाई माणूस, मला वाटलं होतं, रोज सकाळी मी दोन कप चहा करते. एक बहुतेक देव पीत असेल."

"अगं, मी तसं म्हणालो ते..."

"कसं म्हणालात ते सगळ्या मंडळीने ऐकलंय. मला पुन्हा ऐकवू नका."

"तो रागावलाय का?"

"रागावला असता तर माझ्याशी बोलला नसता. मी कोपऱ्यावर भेटले तर म्हणाला, वहिनी, दादाचा हात बरा झाला, देवाने माझं ऐकलं. आणि हसला." आता तिने मान वर केली. "माझ्याने त्याला सांगवलं नाही की हात कुठे बरा झालाय. सात महिने तुमच्यापाशी खोटं बोलले, आता गप्प राहून त्याच्यापाशीही बोलले. माझ्या प्रार्थनेला तोंड राहील का?"

बाइंडर मागच्या खोलीत गेला. शाळेच्या लायब्ररीच्या पुस्तकांचे गठ्ठे टेबलाखाली ठेवलेले होते, वर चिठ्ठी: साठ पुस्तकं. त्याने एक रद्दीचा जुज घेतला, सुई उजव्या हातात धरली. सुई पडली. उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्या वेळी ती डाव्या अंगठ्यात शिरली आणि कागदावर रक्ताचा ठिपका पडला. त्या ठिपक्याकडे बघताना त्याला एकदम कळलं की आपण धाकट्याची वाट बघतोय. त्याची की त्याच्या हाताची, हे मात्र काही केल्या सांगता येईना.

हीच तर अडचण होती. आज जाऊन आभार मानले, तर ते आभार कुठले? ती हाक झाली. काम अडलंय म्हणून मारलेली.

त्या दिवसापासून जेवणाआधीचे उपकार त्याला म्हणवेनासे झाले. "देवा, तुझे उपकार" म्हणायचं, एवढंच. जन्मभर म्हणत आलेली तीन शब्दांची गोष्ट. 'देवा' म्हटलं की शेवटचं बाक डोळ्यांपुढे येई. दोनदा तो नुसताच घास घ्यायला लागला, आणि बायकोने त्याच्यासाठीही प्रार्थना म्हटली. त्याने घाईघाईने आमेन म्हटलं, फुकटात प्रवास करणाऱ्यासारखं.

शुक्रवारी मंडळीच्या पाळकांनी बोलावलं. पाळक तरुण होते, टेबलावर कागद पसरलेले. "काका, रविवारी पंच म्हणून तुमचं नाव वाचतोय," ते म्हणाले. "तुमच्या साक्षीने फार लोकांना धीर आला."

"ते नाव काढा," बाइंडर म्हणाला.

"का हो?"

"साक्ष खोटी होती." आणि मग त्याने सांगितलं. आवाज, मागचं दार, खालची गाठ. वकिलासमोर कापलेला दोरा. हे सांगताना तो पाळकांच्या पेनकडे बघत होता.

पाळकांनी समोरचे कागद एकत्र केले. "देवाने केलं, हे खोटं नव्हतं," ते म्हणाले. "कुणाच्या हाताने केलं, तेवढं तुम्ही खाल्लंत. अर्धी साक्ष तुमच्याकडे राहिली आहे, काका."

"मंडळीपुढे उभा राहतो मी, या रविवारी."

"तो धाकटा तुमचा, त्याला मंडळीपुढे हाकललं होतं का?"

बाइंडर उठला. दारापाशी गेल्यावर पाळकांनी नावाच्या यादीवर आडवी रेघ मारल्याचा आवाज त्याला ऐकू आला. त्याला वाटलं होतं, ते एकदा तरी 'विचार करा' म्हणतील.

शनिवारी तो आधी शाळेत गेला. घरून निघताना त्याने कुणाला काही सांगितलं नाही. हा त्याचा बेत होता: आधी गरज संपवायची, मग आभार मानायचे, म्हणजे ते आभार स्वच्छ राहतील. लायब्ररीच्या बाईंना तो म्हणाला, "माझा हात चालत नाही. तुमची पुस्तकं माणूस पाठवून परत न्या."

"पण तुम्ही तर चर्चमध्ये..." बाई म्हणाल्या. त्याही त्याच मंडळीतल्या.

"हो. ते खोटं होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सोमवारी माणूस पाठवते," त्या म्हणाल्या. "आणि पुढचं कामही दुसरीकडेच द्यावं लागेल मला. समजून घ्या."

त्याने समजून घेतलं. शाळेच्या फाटकातून बाहेर पडताना त्याला हलकंही वाटलं. खुर्ची गेली, काम गेलं. आता आपल्याला कुणाकडून काही नको. आता आपण बरोबरीने जाऊ.

चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होती. धाकटा मशीनवर कागदांना भोकं पाडत होता, डाव्या हाताने. बाइंडर रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढे एक मुलगी प्रबंधाच्या तीन प्रती छातीशी धरून उभी होती. तिचं झालं नव्हतं, तेवढ्यात धाकट्याने वर बघितलं.

"दादा? काय बाइंड करायचंय?"

"काही नाही."

"मग झेरॉक्स?"

"नाही." रांगेतली माणसं बघायला लागली. बाइंडरने खिशात घातलेला उजवा हात बाहेर काढला आणि काउंटरवर ठेवला, तीन बोटं उघडी, दोन मिटलेली. "हात बरा झालेला नाही. मी मंडळीपुढे खोटं बोललो. सात महिने तू शिवलंस, मला तिसऱ्या आठवड्यापासून माहीत होतं. गाठ बघितली होती मी. आणि त्या वकिलासमोर मी जे..."

"काका," मुलगी कळवळून म्हणाली, "माझं आधी होऊ द्या ना. एक वाजता प्रबंध घ्यायची खिडकी बंद होते."

"होऊ दे तिचं," धाकटा म्हणाला.

म्हणून बाइंडर बाजूला सरकला आणि उभा राहिला. धाकट्याने तिन्ही प्रतींना स्पायरल घातली, टोकं वळवली. त्याच्या कानशिलावर केस पांढरे झाले होते. ते केव्हा झाले, हे बाइंडरला माहीत नव्हतं. मुलगी धावत गेली. मागच्या माणसाने आपले कागद काउंटरवर ठेवले, पण पुढे सरकवले नाहीत. त्यालाही पुढचं ऐकायचं होतं.

"आभार मानायला आलोय," बाइंडर म्हणाला. "मला आता काही नकोय, त्यासाठी नाही आलो. शाळेचं काम परत केलं मी. सोमवारी गठ्ठे नेतील. म्हणजे तुला असं वाटू नये, की..."

"परत केलं?" धाकट्याचा हात मशीनवर थांबला. "सगळं?"

"साठच्या साठ."

"अरे वेड्या, त्यातली बावीस माझ्या घरी आहेत! शिवून झालीयत. गठ्ठे उघडून बघितले नाहीस?"

बाइंडरने गठ्ठे उघडले नव्हते.

"तुझ्या घरी कशी?"

"साक्षीच्या आदल्या दिवशी नेली होती, रात्री शिवायला. मग तू म्हणालास, कुणा माणसाचा हात लागला नाही." धाकटा ओशाळून हसला, जणू चूक त्याचीच होती. "मला वाटलं, हातात ताकद यायला वेळ लागेल अजून, पण आता मी मागच्या दाराने येताना कुणाला दिसलो तर तू खोटा पडशील. म्हणून घरीच शिवत होतो. वहिनीकडे गुपचूप देणार होतो."

बाइंडरने काउंटरची कड धरली. बरोबरीने यायचं म्हणून तो जे जे उतरवून आला होता, त्याचाही भुर्दंड याच्यावरच पडला होता. रांगेतला माणूस आपल्या कागदांवर टिचकी मारत होता.

"मला हे फेडता येणार नाही," शेवटी त्याच्या तोंडून निघालं.

"कोण मागतंय?" धाकटा म्हणाला. मग त्याने तो काउंटरवरचा हात उचलला, उलटा केला, मिटलेली दोन बोटं हळूच उघडून बघितली, जसं खराब पुस्तक हातात घेऊन कुठवर फाटलंय ते बघतात. "या हाताने नाही जमायचं, दादा. डाव्याने शिकावं लागेल. उलटं."

"शिकवशील?"

हे विचारायचं नाही असं ठरवून तो आला होता.

"गुरुवारी सुट्टी असते," धाकटा म्हणाला. "समोरच्या दाराने येईन पण. आता सरक, मागे लोक आहेत."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि बावीस पुस्तकांपाशी आल्यावर कपाळावर हात मारला. "मला एक शब्द विचारला असतात तर!" एवढंच म्हणाली आणि ताटं मांडली.

बाइंडरने डोळे मिटले. "देवा," तो म्हणाला, आणि शेवटचं बाक डोळ्यांपुढे आलं. या वेळी तो थांबला नाही. "तुझे उपकार. हिच्याबद्दल. धाकट्याबद्दल, त्याच्या डाव्या हाताबद्दल. त्या बावीस पुस्तकांबद्दल. फेडायला गेलो, तर तेही त्याच्याच अंगावर गेलं. मला फेडता येत नाही, देवा. मी नुसता घेतोय."

"आमेन," बायको म्हणाली. "घ्या मग. गार होतंय."

तो जेवला. लाज गेली नव्हती. ती शेजारी पाट मांडून बसल्यासारखी होती, आणि बहुधा गुरुवारीही बसणार होती. पण तिच्यापाशी बसून जेवता येत होतं. कित्येक दिवसांत त्याला अन्नाची चव लागली. छातीत एक जागा मोकळी झाली होती आणि तिथे काही ठेवायची घाई त्याला नव्हती.

सोमवारी शाळेचा माणूस आला. धाकट्याने शिवलेली बावीस पुस्तकं बायको आदल्या दिवशीच घेऊन आली होती. ती दोघांनी न शिवलेल्यांच्या वर ठेवून दिली. पंचाची खुर्ची गाणं शिकवणाऱ्या बाईंना मिळाली, आणि त्या तिच्यावर छान दिसतात, असं आत्या सगळ्या पायऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

कुणी काय भरलं, ते मांडायचंच तर असं. सात महिन्यांच्या सकाळी आणि बावीस पुस्तकांची शिवण धाकट्याने भरली. खोटं बोलायचं ओझं आणि रोजचा दुसरा कप बायकोने. बाइंडरने भरली ती चार-पाच वाक्यं, झेरॉक्सच्या दुकानात, रांगेत उभं राहून. आणि त्यातलंही सगळ्यात महाग जे वाक्य होतं, वकिलासमोरचं, ते एका मुलीच्या घाईत अर्धंच राहून गेलं.